तळाची चकती

गोल सँडर घ्यायचा म्हणून सल्ल्याला येणारी माणसं बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच विचारतात, "किती वॉटचा घेऊ?" मी त्यांना उलट विचारते, "घासणार काय आहात?" मोटार प्लास्टिकच्या खोक्यात बंद असते. लाकडाला तिचा स्पर्शही होत नाही. लाकडाला लागते ती तळाची चकती, म्हणजे पॅड. त्याचा व्यास किती, तो मऊ की कडक, त्यावरच्या पेपर धरणाऱ्या आकड्या शाबूत आहेत का, तो किती डगमगतो, यावर पॉलिशचा पहिला हात कसा बसणार हे ठरतं. पुण्यात जुनं फर्निचर दुरुस्त करण्यात आणि त्याला पॉलिश करण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझी बहुतेक यंत्रं दुसऱ्याच्या हातून आलेली, वापरलेलीच होती. त्यांनी मला जे शिकवलं ते सगळं या चकतीभोवती फिरतं, म्हणून इथे तेच लिहिते.

मी पॉलिश शिकले ते हातानं. मला शिकवणारे मिस्त्रीकाका काचपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून द्यायचे आणि सांगायचे, "ताई, शिरांच्या दिशेनं. आडवा हात गेला की लाकूड बोलतं." पेपर मारून झाला की डोळे मिटून बोटं फिरवायची. बोटांना जे कळत नाही ते पॉलिशचा हात बसल्यावर डोळ्यांना दिसतं, हा त्यांचा धडा. काकांचा यंत्राला विरोध नव्हता. हात तयार होण्याआधी यंत्र मिळालं तर माणूस बोटांचं ऐकायला शिकत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी आजही शिकाऊ मुलामुलींना सुरुवातीला ठोकळाच देते.

यंत्राची खरी किंमत मला कळली ती एका जुन्या तावदानी दारावर. दाराची उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथे भेटते तिथे शिरा काटकोनात येतात. हातानं घासताना उभ्या पट्टीच्या दिशेनं गेलं की आडवीवर ओरखडे येतात, आडवीच्या दिशेनं गेलं की उभीवर. सांध्यावर चिकटपट्टी लावून एकेक बाजू घासणं हाच उपाय असायचा. गोल सँडर त्या सांध्यावरून सरळ पुढे जातो, कारण त्याच्या ओरखड्याला एक अशी दिशाच नसते.

हे कसं घडतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. मोटारीच्या दांड्याच्या टोकाला थोडं बाजूला सरकवलेलं, म्हणजे विकेंद्री बसवलेलं एक बेअरिंग असतं आणि पॅड त्या बेअरिंगवर बसतो. मोटार मिनिटाला बारा हजार फेऱ्यांपर्यंत फिरते, तेव्हा पॅडचा मध्य तेवढ्याच वेगानं एक इवलंसं वर्तुळ काढतो. पॅड स्वतःभोवती मात्र मोटारीला जखडलेला नसतो. बेअरिंगमधल्या घर्षणामुळे तो हळूहळू, अनियमित फिरतो. या दोन गती एकत्र आल्या की कोणताही कण पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं जात नाही. चौकोनी सँडरमध्ये फक्त पहिली गती असते. ग्राइंडरवर चकती लावली तर फक्त फिरणं असतं, तेही जोरात. चार इंची ग्राइंडरनं घासलेले सागवानी पलंग आमच्याकडे नेहमी येतात. त्यांवर चंद्रकोरीसारखे खड्डे असतात आणि ते काढायला मूळ कामापेक्षा जास्त लाकूड घालवावं लागतं.

आता व्यास. बाजारात मुख्यतः दोन मापं मिळतात, १२५ मिलिमीटर म्हणजे पाच इंची आणि १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंची. तिसरं ७५ मिलिमीटरचं, तीन इंची. पाच आणि सहा ऐकायला जवळजवळचे वाटतात, पण क्षेत्रफळ काढलं तर १२५ च्या पॅडखाली सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर लाकूड येतं आणि १५० च्या पॅडखाली सुमारे १७७. एका इंचानं जवळजवळ ४४ टक्के फरक पडतो. म्हणून लोक मोठ्याकडे ओढले जातात.

मोठा पॅड कुठे शोभतो? झोपाळ्याच्या फळीवर. वाड्यातल्या झोपाळ्याची फळी लांब, रुंद, जाड, आणि पिढ्यान् पिढ्या बसून मध्ये किंचित खोलगट झालेली असते. तिथे सहा इंची यंत्र मनापासून काम करतं. जेवणाचं टेबल, पलंगाची पाठ, कपाटाच्या बाजू यांचंही तसंच. रुंद पॅड उंचवट्यांवर टेकतो, खळग्यांत उतरत नाही, त्यामुळे पातळी चांगली येते. पण तेच यंत्र कुणी दाराच्या चार इंची पट्टीवर चालवतं, तेव्हा पॅड दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतो. आतल्या बाजूला तावदानाची नक्षीदार कड असते. पॅडची कड तिच्यावर आपटते, नक्षीचा काठ गोल होतो आणि पॅडच्या कडेच्या आकड्या घासून जातात. नुकसान दोघांचंही.

यातून मी एक नियम धरला. व्यास ठरवायचा तो कामातल्या सर्वांत रुंद जागेवरून नाही, तर ज्या अरुंद जागेवर यंत्र न्यावंच लागणार आहे तिच्यावरून. पॅडचा निदान दोन तृतीयांश भाग लाकडावर टेकलेला हवा. त्याहून कमी टेकत असेल तर ती जागा हाताची. १८ मिलिमीटर प्लायवूडच्या कडेवर गोल सँडर चालवणारे खूप आहेत. पॅड तिथे डोलतो आणि काटकोनाची कड गोल होते. तिथे ठोकळा आणि पेपर यांना पर्याय नाही. चौरंगाच्या वरच्या फळीला पाच इंची, त्याच्या पायांना हात. पाटाला पाच इंची, पण कडेला हात. खुर्चीच्या वळणदार हातांना तीन इंची पॅड आणि त्यावर फोमची मऊ चकती. देव्हाऱ्याच्या कोरीव कामाला कोणतंही यंत्र नको.

घरगुती कामासाठी किंवा छोट्या कारखान्यासाठी एकच यंत्र घ्यायचं असेल तर मी न डगमगता १२५ सांगते. त्याचं वजन साधारण सव्वा-दीड किलो असतं आणि ते एका तळहातात बसतं. उभ्या दारावर, कपाटाच्या आत, खांद्याच्या उंचीवर काम करताना हे वजन फार महत्त्वाचं ठरतं. दोन-अडीच किलोचं सहा इंची यंत्र आडव्या टेबलावर स्वतःचं वजन स्वतः सांभाळतं, पण उभ्या पृष्ठावर ते सगळं मनगटावर येतं. दिवसभर असं काम केलेल्या संध्याकाळी पोळ्या लाटताना मला हे अनेकदा जाणवलं आहे. पाच इंची पेपर लहान गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो, हाही फायदा आहेच. तीन इंची यंत्रं बरीचशी हवेवर चालतात आणि हवा भरपूर खातात. टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या कॉम्प्रेसरवर ती दमतात, हे घेण्याआधी लक्षात ठेवावं.

व्यासाबरोबर आणखी एक आकडा असतो आणि तो सहसा कुणी विचारत नाही. पॅडचा मध्य जे छोटं वर्तुळ काढतो त्याचा व्यास, म्हणजे कक्षा. पाच इंची यंत्रांत ती साधारण अडीच ते तीन मिलिमीटर असते. मकिटाच्या बीओ ५०३१ ची २.८ आहे, बॉशच्या जीईएक्स १२५-१ ची २.५. सहा इंची यंत्रांत ३, ५ आणि काहींत ८ मिलिमीटरही असते. कक्षा मोठी तर लाकूड लवकर उतरतं, पण ओरखड्याची वेटोळीही मोठी पडतात. शिसवीसारख्या गडद, घट्ट लाकडावर ती पॉलिशखाली स्पष्ट दिसतात. म्हणून जुनं सहा इंची यंत्र स्वस्तात मिळालं तरी मी आधी कक्षा बघते. ५ मिलिमीटर असेल तर ते रंग आणि उंचवटे उतरवायला, शेवटचा हात छोट्या कक्षेच्या यंत्रानं.

एका तरुण सुतारानं त्याचं पाच इंची यंत्र माझ्याकडे आणलं होतं. त्यानं त्याला सहा इंची पॅड बसवला होता, भोकं जुळवून, मोठ्या हुशारीनं. यंत्र थडथडत होतं, हाताला मुंग्या येत होत्या, आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत गेलं होतं. विकेंद्री फिरणाऱ्या पॅडचा तोल राखायला दांड्यावर एक प्रतिभार असतो. तो मूळ पॅडच्या वजनानुसार ठरवलेला असतो. पॅड बदलला की हिशेब बिघडतो आणि उरलेला सगळा धक्का बेअरिंगवर आणि मनगटावर येतो. बॉशचं जीईएक्स १२५-१५० यासारखी काही यंत्रं दोन्ही पॅड घेण्यासाठीच बनवलेली आहेत. बाकीच्यांना त्यांचंच माप द्यावं. त्या मुलाला मी मूळ पॅड आणि नवं बेअरिंग घ्यायला लावलं, आणि तेच यंत्र पुन्हा शांत चालू लागलं. मोठा पॅड लावला म्हणजे यंत्र मोठं होत नाही.

पॅड किती कडक असावा हेही लाकूड पाहून ठरतं. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनवूड आता पुष्कळ वापरलं जातं. त्यात मऊ आणि कठीण थर एकाआड एक असतात. मऊ पॅड मऊ थरात उतरतो, तिथलं लाकूड खातो, आणि कठीण रेषा वर उभ्या राहतात. बोट फिरवलं की नांगरटीसारखं लागतं. अशा लाकडाला कडक पॅड हवा. प्लायवरच्या व्हिनीअरलाही कडक पॅड, कडांवर अगदी हलका हात, आणि १८० च्या खालचा पेपर नको. व्हिनीअरची जाडी अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते. खालचा थर एकदा दिसला की तो लपवता येत नाही. मऊ पॅड आणि फोमची चकती ही वळणांसाठीच.

आता वापरलेल्या यंत्राकडे येते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर नवी-जुनी हत्यारं मिळतात. बंद पडलेल्या कारखान्यांचा, काम पूर्ण झालेल्या इंटिरिअरवाल्यांचा माल या ना त्या वाटेनं बाजारात येतो. बाजारात बऱ्याचदा वीज नसते. विकणारा म्हणतो, "ताई, चालू आहे, घेऊन जा." मला ते अडचणीचं वाटत नाही, कारण या यंत्राचं निम्मं निदान विजेशिवायच होतं.

आधी पॅड हातानं फिरवायचा. तो एकसारखा, किंचित अडखळत फिरावा. आत रेती असल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलं. मग पॅड दोन बोटांत धरून बाजूला आणि वरखाली हलवायचा. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा ते ज्यात बसतं ती जागा ढिली आहे. बेअरिंग बदलता येतं. जागाच झिजली असेल तर नवं बेअरिंगही तिथे टिकत नाही, ते यंत्र सोडून द्यायचं. मग हवेच्या खाचांना नाक लावायचं. जळक्या वार्निशचा वास आला की मोटारीतलं आर्मेचर किंवा फील्ड, म्हणजे तारांची गुंडाळी, तापून गेलेलं असतं. वायर मानेपाशी वाकवून बघायची, कारण तुटते ती तिथेच. स्क्रूंची डोकी बघायची. ती चिरडलेली असतील तर कुणीतरी चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरनं यंत्र उघडलं आहे, आणि आत काय केलं आहे ते कळायला मार्ग नाही. शेवटी मॉडेलची पट्टी. ती वाचता येत नसेल तर सुटे भाग कशाच्या आधारावर मागणार? पट्टी नसलेलं यंत्र मी फुकटही घेत नाही.

पॅड कसा बसवला आहे हेही तेव्हाच बघते. काही यंत्रांत मध्ये एकच स्क्रू असतो, काहींत तीन किंवा चार. भोकांचे नमुनेही वेगळे असतात. पाच इंचीत पाच किंवा आठ, सहा इंचीत सहा, पंधरा किंवा त्याहून जास्त. पॅडची आणि पेपरची भोकं जुळली नाहीत तर भुसा खाली अडकतो, कण गोळा होऊन लाकडावर वेटोळी काढतात आणि पेपर लवकर भरतो. या यंत्राचा पॅड आज दुकानात मिळतो का, एवढा फोन मी पैसे देण्याआधी करते. पॅड मिळत नसेल तर बाकी यंत्र कितीही उत्तम असो, ते थोड्या महिन्यांचं सोबती आहे.

वीज मिळाली की यंत्र हवेत धरून सुरू करायचं आणि पॅडकडे बघायचं. इथे एक असा भाग कामाला येतो, जो किमतीनं क्षुल्लक असतो आणि ज्याचं नाव फार थोड्या लोकांना माहीत असतं. पॅडच्या पाठीला टेकणारी एक रबरी कडी असते. तिला ब्रेक म्हणा. यंत्र उचललेलं असताना पॅडचं स्वतःभोवती फिरणं ती आवरून धरते. ती झिजली किंवा तडकली की पॅड हवेत सुसाट सुटतो, थेट मोटारीच्या वेगाकडे जातो. तसा पॅड लाकडावर टेकवला की पहिल्याच क्षणी चंद्रकोर कोरली जाते.

एक पॉलिशवाला मुलगा शिसवी टेबलाच्या फळीवर असे डाग पडतात म्हणून हैराण झाला होता. त्यानं पेपर बदलले, वेग कमी केला, हात बदलला. गिऱ्हाईक त्याच्या कौशल्यावर शंका घेत होतं आणि त्यालाही तसंच वाटू लागलं होतं. मी यंत्र हवेत धरायला सांगितलं. पॅडवर पेनानं केलेली खूण दिसेनाशी झाली. कडी काढून पाहिली तर एका जागी पार कागदासारखी पातळ झालेली. नवी कडी बसवली, तीच खूण आता हवेत डोळ्यांनी मोजता येईल अशी फिरू लागली. त्या दिवसापासून माझ्याकडच्या प्रत्येक पॅडच्या कडेवर अशी एक जाड खूण आहे. हवेत ती दिसत राहिली पाहिजे आणि लाकडावर टेकवल्यावरही सावकाश फिरत राहिली पाहिजे. लाकडावर ती थांबली तर हाताचा दाब जास्त आहे. ही एक खूण ब्रेक, बेअरिंग आणि हात या तिघांची तब्येत सांगते.

दाबाबद्दल मी शिकाऊंशी फार बोलते, कारण यंत्रांचं आयुष्य सर्वांत जास्त दाबामुळे कमी होतं. दाबलं की पॅडचं फिरणं थांबतं, उरते ती नुसती थरथर. घासणं कमी होतं, उष्णता वाढते, आणि ती पॅडच्या आकड्यांपर्यंत पोचते. आकड्या प्लास्टिकच्या असतात. त्या मऊ पडतात, वाकतात आणि वितळून चपट्या होतात. मग पेपर मध्येच उडून जातो आणि लोक पेपर खराब निघाला म्हणतात. यंत्राचं स्वतःचं वजन आणि तळहाताचं वजन पुरे. सेकंदाला इंचभर, एवढ्या संथपणे सरकवायचं. बघणाऱ्याला हा आळस वाटतो, पण एकसारखं पृष्ठ असंच मिळतं.

पॅड जपायच्या सवयी साध्या आहेत. यंत्र कधीही कडेवर तिरपं करून घासायचं नाही. पेपर लावल्याशिवाय क्षणभरही चालवायचं नाही. दिवसाच्या शेवटी पेपर काढून आकड्यांतला भुसा नायलॉनच्या ब्रशनं झाडायचा. जाळीचे पेपर आता चांगले मिळतात आणि भुसा उत्तम ओढतात, पण ते आकड्या लवकर झिजवतात. त्यांच्याखाली एक पातळ संरक्षक चकती लावावी. ती झिजली की तीच बदलायची, पॅड वाचतो.

बेअरिंगची भीती मोडली तेव्हा माझं या यंत्रांशी नातं बदललं. पूर्वी आवाज बदलला की मी यंत्र घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावत असे. एकदा त्यानं जुनं बेअरिंग हातावर ठेवलं आणि कडेवरचा आकडा वाचायला लावला. ६००१. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या आकड्याला पाचानं गुणायचं. ६००१ म्हणजे आतून १२, बाहेरून २८, जाडी ८. पुढे झेडझेड असेल तर लोखंडी झाकणं, टूआरएस असेल तर रबरी. सँडरला रबरी झाकणांचंच हवं, कारण लाकडाचा बारीक भुसा लोखंडी झाकणाच्या फटीतून आत जातो. एवढं कळल्यावर यंत्राच्या कंपनीच्या नावानं सुटा भाग शोधत फिरायची गरज उरली नाही. खात्रीच्या बेअरिंगच्या दुकानात आकडा सांगायचा. काढताना पुलर वापरायचा. दांड्यावर बसवताना आतल्या कडीवर दाब द्यायचा, खोबणीत बसवताना बाहेरच्या. उलटं केलं की आतल्या गोळ्यांवर घाव बसतो आणि नवं बेअरिंग बसवतानाच म्हातारं होतं.

मोटारीच्या कार्बन ब्रशांचंही तसंच. झिजून पाच-सहा मिलिमीटर उरले की बदलायचे, तेही जोडीनं. नवे लावल्यावर थोडा वेळ यंत्र मोकळं चालवून त्यांना कम्युटेटरवर बसू द्यायचं. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. ठिणगी कम्युटेटरभोवती पूर्ण कडं करून फिरत असेल तर आर्मेचर दुखावलेलं आहे. छोट्या यंत्राचं आर्मेचर पुन्हा गुंडाळून घ्यायचा खर्च क्वचितच परवडतो, आणि वायंडिंगवाले भाऊही प्रामाणिकपणे तेच सांगतात. अशा वेळी ते यंत्र सुट्या भागांसाठी ठेवावं.

अमेरिकेतून परतलेल्या एका कुटुंबानं मला त्यांचं वापरलेलं यंत्र देऊ केलं होतं. उत्तम अवस्थेतलं, पण १२० व्होल्टचं. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये ते थेट लावलं असतं तर लगेच जळलं असतं. कार्बनच्या मोटारीला ५० किंवा ६० हर्ट्झचा फरक पडत नाही, व्होल्टेजचा मात्र पडतो. यंत्राच्या वॉटच्या निदान दीडपट-दुप्पट क्षमतेचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून ते आजही चालतं. पॅड तिकडचेही पाच इंचीच, त्यामुळे अडलं नाही. पण ट्रान्सफॉर्मरचं ओझं घेऊन साइटवर जाता येत नाही, म्हणून ते कारखान्यातच राहिलं.

कोणत्या लाकडावर यंत्र लावू नये, हेही यंत्रांनीच शिकवलं. जुन्या सागवानी वस्तूंवर चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश असतं. लाख ऐंशी अंशांच्या आतच मऊ होते. सँडरच्या उष्णतेनं तिच्या गोळ्या होतात आणि पेपर दोन हातांत भरतो. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आधी स्पिरिटनं धुऊन घ्यावी, मग लाकूड उघडं झाल्यावर १२०, १८०, २४० असे पेपर क्रमानं. १२० नंबरच्या पेपरचा कण सरासरी १२५ मायक्रॉनचा असतो, १८० चा ८२ आणि २४० चा सुमारे ५८. प्रत्येक पेपरचं काम आधीच्या पेपरचे ओरखडे पुसणं हे असतं. मधला नंबर गाळला तर शेवटच्या पेपरला ते झेपत नाही, मग तो कितीही वेळ फिरवा. मी प्रत्येक नंबरच्या आधी लाकडावर पेन्सिलीनं हलक्या रेघा मारते. त्या सगळीकडून पुसल्या की पुढचा पेपर.

जुन्या वाड्यांच्या दाराखिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, हे धरूनच मी चालते. असा रंग कोरडा घासला तर ती धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातातोंडात जाते. गिऱ्हाईक घाई करतं, रिमूव्हरचा खर्च नको म्हणतं. तिथे मी काम सोडून देते, पण सँडर लावत नाही. रंग रिमूव्हरनं मऊ करून ओला खरवडायचा, खरवडलेलं गोळा करून बांधायचं, आणि उघड्या लाकडावरच यंत्र न्यायचं.

लाकडाचा भुसाही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. मिस्त्रीकाकांच्या पिढीनं नाकाला फडका बांधून आयुष्य काढलं आणि त्यांतल्या कित्येकांचा खोकला मी ऐकला आहे. माझ्या कारखान्यात यंत्राला व्हॅक्यूमची नळी आणि तोंडाला एन९५ असल्याशिवाय काम सुरू होत नाही. भुसा ओढला गेला की पेपर जास्त टिकतो, वेटोळी कमी पडतात आणि बेअरिंगही वाचतं.

शिकायला येणाऱ्या मुली हल्ली विचारतात, थोडेच पैसे आहेत, नवं स्वस्तातलं घेऊ की जुनं चांगलं? माझं उत्तर पक्कं आहे. जुनं चांगलं घ्या, पण सगळे पैसे यंत्रावर घालू नका. निम्म्याच्या आसपास रक्कम वेगळी काढा. तिच्यातून एक नवा पॅड, एक ब्रेकची कडी, कार्बनची जोडी, रबरी झाकणांचं बेअरिंग आणि चार वेगवेगळ्या नंबरांचे चांगले पेपर घ्या. यंत्र घरी आल्यावर आधी ते उघडा, साफ करा, हे भाग स्वतःच्या हातानं बदला आणि मगच लाकडावर ठेवा. एवढं केलं की ते यंत्र कुणी किती वापरलं होतं याला फारसा अर्थ राहत नाही. त्याचा आवाज तुम्हाला ओळखीचा होतो, आणि तो बदलला की काय बदललं हेही कळतं. जे यंत्र तुम्हाला उघडता येत नाही ते नवंकोरं असलं तरी दुसऱ्याच्या मर्जीवर चालतं. ज्याचे चार भाग तुम्ही बदलू शकता, ते जुनं असलं तरी तुमचं आहे, आणि तुमच्या कामाला वर्षानुवर्षं पुरेल.